वगळलेले तीन उंदीर

ताईंनी काचपट्ट्यांचा ट्रे सरांच्या टेबलावर आपटला. कपातला चहा बशीत सांडला.

“माझे तीन उंदीर कुठे गेले?”

सर प्रयोगशाळेचे प्रमुख. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. समोरच्याचं डोकं आणखी फिरवायला एवढं पुरेसं होतं.

“वगळले. अंगावर चावे होते. नर एका पिंजऱ्यात ठेवले की भांडतात, जखमा होतात, दाह वाढतो. मग औषधाचा परिणाम काय डोंबल कळणार? तुम्हाला का हे नव्याने सांगायचं?”

नियम खरा होता, म्हणून तर तळपायाची आग मस्तकात गेली. आठ महिने ताई सूक्ष्मदर्शकावर मान मोडून बसल्या होत्या. उंदरांच्या धमनीचे केसाहून पातळ काप, आणि त्यात मोजायच्या दोन जातींच्या पेशी. एक जात खादाड. धमनीच्या भिंतीत साचलेली चरबी गिळत सुटते, फुगते, तिथेच मरते आणि दाह भडकवते. दुसरी तिला आवरणारी, भांडणात मध्ये पडून “पुरे झालं आता” म्हणणाऱ्या थोरल्या जावेसारखी. औषधाने ही दुसरी जात वाढायला हवी होती. कोणत्या उंदराला औषध आणि कोणाला नुसतं मिठाचं पाणी, हे मोजणाऱ्याला ठाऊक नसतं. ती यादी बंद पाकिटात असते. पाकीट सोमवारी उघडलं. औषध दिलेल्या तिघांच्या धमन्या औषध न दिलेल्यांपेक्षाही वाईट निघाल्या होत्या. आणि आज गुरुवारी बघतात तर तिघेही यादीतून गुल!

“पिंजरेवाल्या काकांना विचारून आलेय मी. साधा ओरखडासुद्धा नव्हता म्हणाले. चाव्यांची नोंद परवाची आहे, सर. उंदीर मरून नऊ महिने झाले. मेल्यावर चावले का एकमेकांना?”

सरांनी बशीतला चहा परत कपात ओतला.

“हेच औषध माणसांना टोचताय तुम्ही. माझा दादा घेतोय ते. दर गुरुवारी बाही वर करून बसतो. मानेतली धमनी निम्मी बुजलीय त्याची. ती आणखी बुजली तर काय कराल? त्यालाही वगळाल?”

“आवाज खाली करा.”

“नाही करत! ऐकू दे सगळ्यांना.”

बाहेर कोणीतरी खुर्ची सरकवली. सर उठले, कपाटातून एक जुनी फाइल काढली आणि नेमकं पान उघडून ताईंपुढे ठेवलं.

“हा पहिला प्रयोग. याच्याच जोरावर माणसांवरच्या चाचणीला परवानगी मिळाली. वाचा.”

दोन उंदीर वगळले. कारण, चावे. तारीख त्या प्रयोगाचं पाकीट उघडल्याच्या दुसऱ्या दिवशीची. अक्षर ताईंचं आणि खाली सहीही ताईंचीच.

त्यांना ती दुपार आठवली. आलेख एकदाचा मनासारखा आला होता, सगळे खुशीत होते. सर सहज म्हणाले होते, “ते दोघं जरा भांडकुदळच होते, नाही?” आणि ताई हसून म्हणाल्या होत्या, “हो ना, मेले!” पेन हातातच होतं. काकांना विचारावं असं मनातसुद्धा आलं नव्हतं.

“तेव्हा तुम्ही चिडला नव्हता, ताई,” सर म्हणाले. त्यात टोमणा नव्हता, आणि तेच जास्त लागलं.

दादा आधी नकोच म्हणत होता. “मी काय उंदीर आहे?” म्हणून त्याने उडवून लावलं होतं. ताईंनी आठवडाभर त्याचा पिच्छा पुरवला होता. अरे, मी स्वतःच्या डोळ्यांनी मोजलंय, माझ्यावर भरवसा नाही का तुझा?

ताईंनी फाइल मिटून काखेत मारली.

“ती इथेच ठेवा,” सर म्हणाले.

“हात लावून तर बघा!”

व्हरांड्यात येऊन त्यांनी फोन लावला. सर मागोमाग दारापर्यंत आले आणि तिथेच थांबले.

“बोल गं,” दादा म्हणाला. “दवाखान्यात बसलोय. पुढचा नंबर माझाच.”

“दादा, आज इंजेक्शन घेऊ नकोस. ऊठ तिथून.”

“का? काय झालं?”

“उंदरांचे आकडे खोटे आहेत. पहिल्यापासून.”

दादाचा आवाज चढला.

“कोणी केला हा हलकटपणा? नाव सांग मला त्याचं.”

ताईंनी वळून सरांकडे पाहिलं. सरांनी मान खाली घातली. नाव अगदी ओठांवर आलं होतं.

“मी,” ताई म्हणाल्या. “ऊठ तू आधी.”