साठ अंशांवर उकळणारं उरलंसुरलं

तिसऱ्यांदा मोजलं तरी उत्तर शून्यच. हिलेके विअर्डाने वही मिटली. साल एकोणीसशे अठ्ठावीस. ख्रोनिंगेन विद्यापीठाच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत ती एकटीच मुलगी. शनिवारपर्यंत डायक्लोरोएथिलीनचं द्विध्रुव आघूर्ण, म्हणजे रेणूच्या दोन टोकांमधला विद्युतभाराचा असमतोल, मोजून दाखवा, नाहीतर उपकरण दुसऱ्याला देऊन आसेनच्या शाळेत शिकवायला जा, असं प्राध्यापकांनी बजावलं होतं.

"शून्य कसं येईल हो, पोस्टमा?" ती म्हाताऱ्या मदतनिसाला म्हणाली. "क्लोरीनची विद्युतऋणता कार्बनपेक्षा जास्त. इलेक्ट्रॉन तो स्वतःकडे ओढणारच. मग रेणूचं एक टोक ऋण, दुसरं धन व्हायला नको?"

"मला काय विचारता, बाई? मी बाटल्या धुणारा." त्याने कॉफीचा कप तिच्याकडे सरकवला. "पण तुम्ही फेकायला सांगितलेलं मी फेकलं नाहीये."

"कुठलं?"

"ऊर्ध्वपातन करून उरलेलं. अठ्ठेचाळीस अंशांवर आलं ते तुम्ही ठेवलंत, बाकीच्याला कचरा म्हणालात. मी ते पुन्हा तापवलं. पारा साठावर गेला आणि शेवटच्या थेंबापर्यंत हलला नाही. कचरा असा एका जागी उकळत नाही. आमच्या हिचं सूपसुद्धा नाही!"

हिलेकेने ते उरलेलं मोजलं. या वेळी आकडा भक्कम आला. तिने कागदावर दोन रेणू काढले. दोन्हींत अणू तेच, क्लोरीनची ओढही तेवढीच. पहिल्यात दोन क्लोरीन विरुद्ध बाजूंना बसलेले, म्हणून एकाची ओढ दुसऱ्याने खोडून काढलेली. दुसऱ्यात दोघे एकाच बाजूला, म्हणून दोघांच्या ओढीची बेरीज झालेली. तिचं शून्य चुकलेलं नव्हतंच.

शनिवारी प्राध्यापकांनी दोन्ही आकडे पडताळून पाहिले. "उरलेलं तपासायची अक्कल कुणाची?"

'माझी' म्हटलं असतं तर कुणी खोटं पाडलं नसतं. पोस्टमा तर दाराशी मान खाली घालून नळ्या पुसत होता.

"पोस्टमांची," हिलेके म्हणाली. "शोधनिबंधात त्यांचे आभार मानायचे आहेत."

"मदतनिसाचे? असं कुणी छापत नाही."

"मग माझंही नाव नको."

प्राध्यापकांनी चष्मा काढला, पुसला. "छापा. आणि सोमवारपासून पुढचं संयुग घ्या."

"माझं नाव नका हो छापू, बाई," पोस्टमा बाहेर आल्यावर पुटपुटला. "आमची ही विचारेल, आता काय फोडून ठेवलंत म्हणून."

तिने छापलंच. पुढच्या छत्तीस वर्षांत तिच्या नावावर पुष्कळ निबंध निघाले; एकही त्याच्या नावाशिवाय निघाला नाही, तो गेल्यानंतरसुद्धा.