सूपमध्ये काय कमी आहे?

शेवटचा साधा दिवस गुरुवार होता, म्हणजे तिकडच्या रिवाजाप्रमाणे घरी काय, कॅन्टीनमध्ये काय, जेवायला वाटाण्याचं सूप आणि वर पॅनकेक. केर्टू योएन्सूच्या विद्यापीठातून चार दिवस घरी आली होती. आई वाचनालयात ऑनलाइन फसवणुकीवरचं भाषण ऐकून आली होती आणि हातातला डाव नाचवत बोलत होती.

"आपल्या घराला परवलीचा शब्द हवा. उद्या कोणीतरी मला लिहील, 'आई, फोन फुटला, हा नवा नंबर, पैसे पाठव.' ती तूच कशावरून?"

"माझं लिहिणं ओळखशील की."

"तू लिहितेस 'हं' आणि 'बघू'. एवढं चोरालाही येतं."

बाबा सूपवर मोहरीचा सॉस पिळता पिळता हसले.

"मी विचारणार, माझ्या सूपमध्ये काय कमी आहे?" आई म्हणाली. "आणि उत्तर द्यायचं, काहीच नाही."

"आई, हा परवलीचा शब्द नाही, खुशामत आहे."

"म्हणूनच चोराला सुचायची नाही. त्याला घाई असते. चल, रंगीत तालीम. माझ्या सूपमध्ये काय कमी आहे?"

"मीठ."

"चोर! इल्पो, पोलिसांना बोलव," आई बाबांना म्हणाली.

"आणि कॅन्टीनचं सूप जास्त चांगलं असतं."

"वर उद्धटही!" आई इतकी हसली की तव्यावरचं पॅनकेक करपलं. ते तिने केर्टूच्याच ताटात वाढलं. रात्री झोपायला जाताना दारातून पुन्हा विचारलं, "काय कमी आहे?" केर्टू पांघरुणातून म्हणाली, "मीठ."

सकाळी आई अंगणातला बर्फ काढायला गेली. बाबा कॉफी घेऊन बाहेर आले तेव्हा ती फावड्याशेजारी पडलेली होती. हृदय थांबलं, डॉक्टर म्हणाले.

त्यानंतर केर्टू गुरुवारी कॅन्टीनकडे फिरकेना.

पुढच्या हिवाळ्यात एका शुक्रवारी ती घरी निघाली होती. बस रखडली आणि थंडीने फोन मेला. मैत्रीण सान्नीने आपला दिला.

"बाबा, मी बोलतेय. बसला उशीर आहे, घ्यायला नंतर ये."

पलीकडून मग बाबा सावकाश म्हणाले, "मघाशी तर तुझा फोन तळ्यात पडला होता."

"काय?"

"नव्या नंबरवरून लिहिलंस ना. आज भाडं भरलं नाही तर खोली जाईल. बँकेचं पान उघडून बसलोय. फक्त बटण दाबायचं राहिलंय."

"दाबू नकोस! ती मी नाही!"

"ती म्हणते दाब, तू म्हणतेस नको. दोघींचेही नंबर अनोळखी. मी कोणाचं ऐकू?"

"माझा आवाज ओळखत नाहीस?"

"आवाजाची नक्कल करतात आजकाल. आईच सांगायची."

"आपल्या मांजराचं नाव मुत्का!"

"ते अख्ख्या जगाला माहीत आहे. तूच रोज त्याचे फोटो टाकतेस."

सान्नीला हसू आवरेना. केर्टूने तिला कोपराने ढोसलं.

"मग तो प्रश्न विचार, बाबा."

"तिलाही विचारला." बाबांनी घसा खाकरला. आई गेल्यापासून तो प्रश्न घरात कोणी काढला नव्हता. "तिने लिहिलं, मीठ. त्या दिवशी तूही तेच म्हणाली होतीस. म्हणून तर बँकेचं पान उघडलं."

केर्टूच्या तोंडात तोच शब्द तयार होता. तिने तो गिळला.

"विचार मला," ती म्हणाली.

"आईच्या सूपमध्ये काय कमी आहे?"

"काहीच नाही."

"ऐकू आलं नाही. मागे कसला तरी आवाज येतोय."

बर्फ ढकलणारी गाडी थांब्यासमोरून घरघरत चालली होती. रांगेतले सगळे केर्टूकडे बघत होते. तिने टोपी कानावरून वर सरकवली आणि ओरडून सांगितलं, "काहीच नाही! आईच्या सूपमध्ये काहीच कमी नव्हतं, बाबा. कधीच नव्हतं."