रुक्मिणबाईचा दृष्टांत

सप्ताहातला दुपारचा पहारा कोणालाच नको असायचा. पंगत उठलेली, बुंदी-पुरीने डोळे जड झालेले आणि वर मांडवाचं कापड तापलेलं. सात दिवस नाम थांबू द्यायचं नाही आणि वीणा भुईला टेकू द्यायची नाही, ही लोह्याच्या पुढच्या त्या गावाची आज्यापणज्यापासूनची रीत. एकाच्या गळ्यातून निघाली की वीणा थेट दुसऱ्याच्या गळ्यात. दुपारी ती ग्यानोबाच्या गळ्यात असायची. मागून घेतलेली पाळी होती ती. सगळं गाव झोपलेलं असताना देवाला आपण एकटेच जागं ठेवतो, असं त्याला वाटायचं, आणि त्या वाटण्यात मोठं सुख होतं.

त्या दुपारी मांडवात जागी माणसं दोनच होती. वीणा घेऊन उभा ग्यानोबा आणि टाळ घेऊन बसलेली शेजारघरची राजकन्याबाई. ती माळकरी, गळा गोड, सारे अभंग पाठ. बाकी म्हातारे टाळ उशाला घेऊन घोरत होते.

तेवढ्यात अंगद धावत आला. ग्यानोबाचा एकुलता एक लेक, लातूरला क्लासमध्ये फिजिक्स शिकवायचा. आईने बोलावलं म्हणून सप्ताहाला यायचा, पण मांडवात पाय ठेवायचा नाही. कॉलेजात असतानाच त्याने सांगून टाकलं होतं, "आई, मला देव पटत न्हाई. कुणी पाह्यला न्हाई, कुणी तपासला न्हाई, नुसतं सांगत आलेत." रुक्मिणबाई तेव्हा हसली होती. "पटत न्हाई तर प्रसादाला दोनदा हात कामून पुढं करतोस रं?" "शिरा तपासलाय मी, आई." बापलेकाचा वाद तिच्या हसण्यात असा विरून जायचा. ती होती तोवर देव असण्या-नसण्याचा प्रश्न त्या घरात जेवणाच्या ताटापुरताच होता.

"आबा, आईला कसंतरी व्हायलंय. छाती दाबून आली, घामानं भिजलीय. शेजारच्या प्रीतमनं जीप काढलीय, नांदेडला नेतो. चला!"

ग्यानोबाच्या तोंडचं नाम क्षणभर अडखळलं. त्याने रस्त्याकडे पाहिलं. पुढची पाळी रेवणसिद्धाची.

"रेवणसिद्ध येईलच आता. तो आला की निघालोच मी. तुम्ही व्हा म्होरं."

"ठेवा की ती वीणा पाटावर!"

"ठेवता येत न्हाई, अंगद."

राजकन्या टाळ ठेवून उठली. पदर खोचून तिने हात पुढे केले. "भाऊजी, माझ्याकडं द्या. मी उभी राहते. जावा तुम्ही."

ग्यानोबाने तिच्या हातांकडे पाहिलं. त्या गावात बाईच्या गळ्यात वीणा कधी गेली नव्हती. कोणी मनाई केली होती असंही नाही, पण गेली नव्हती. त्याने मान हलवली आणि रस्त्याकडे पाहत पुन्हा नाम धरलं. अंगद एक क्षण बापाकडे बघत उभा राहिला, मग मागे न पाहता निघून गेला.

रेवणसिद्ध जेवून आडवा झाला होता, त्याचा डोळा लागला. तो ओशाळा होऊन पळत आला तोवर उन्हं कलली होती. ग्यानोबा मिळेल त्या मोटारसायकलवर बसून नांदेडला पोचला, तेव्हा दवाखान्याच्या पायरीवर अंगद बसलेला होता. त्याच्या मांडीवर आईच्या चपला होत्या.

डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत, पण झटकाच मोठा होता, कोणाच्या हातात काही नव्हतं. हे ऐकून ग्यानोबाला जरा धीर आला आणि धीर आला याचीच शरम वाटली.

अंगदने आईला अग्नी दिला. केस मात्र दिले नाहीत, पिंडाला बसला नाही. भावकी कुजबुजली. ग्यानोबा कुणाला काही बोलला नाही आणि लेकही त्याच्याशी बोलला नाही.

तेराव्याला कीर्तन ठेवलं. शेषेराव महाराज आले. मोठा गोड माणूस, ग्यानोबाच्या जिव्हाळ्याचा. त्यांच्या कीर्तनासाठी ग्यानोबा माहूरपर्यंत गेलेला होता, रात्रीच्या रात्री मांडवात उकिडवा बसला होता. कीर्तनात आधी अभंगाचा अर्थ उलगडतो आणि मग दृष्टांत येतो, म्हणजे अर्थ माणसाच्या अंगाला लागावा म्हणून सांगितलेली गोष्ट. ग्यानोबाचा सारा जीव दृष्टांतात. कुठल्या भक्ताने लेक गमावला, कुठल्या भक्ताने राज्य सोडलं, हे ऐकताना त्याचे डोळे आपोआप वाहायचे. रुक्मिणबाई म्हणायची, "दुसऱ्याच्या घरचं मेलं की तुमच्या डोळ्याला लई पाणी येतं."

महाराजांनी उपरणं सावरलं, मृदंगाचा आवाज खाली आला, आणि ते म्हणाले, "माउली, जुन्या भक्तांच्या गोष्टी कशाला सांगू? भक्त तुमच्या गावात हाय. घरची लक्ष्मी तिकडं शेवटच्या घटका मोजून राहिली, लेक हाताला धरून ओढतोय, आणि हा ग्यानोबा! वीणा खाली ठेवली न्हाई! संसार एकीकडं, नाम एकीकडं. याला म्हणतात निष्ठा!"

टाळ्या पडल्या. बायांनी डोळ्याला पदर लावला. कोणीतरी ग्यानोबाच्या गळ्यात हार घातला.

ग्यानोबा वाट पाहत होता, डोळ्यांत पाणी येईल. आलं नाही. महाराजांच्या गोष्टीत वीणा होती, निष्ठा होती, तो स्वतः होता. रुक्मिण मात्र नुसती मरायला होती. मरायलाच आणलेली. त्याला वाटलं, आजवर ऐकलेल्या सगळ्या गोष्टींत अशी कोणी ना कोणी मरायला आणलेली होती, आणि आपण तिचं नाव कधी विचारलं नाही.

आईच्या तेराव्याचं म्हणून मागे बसलेला अंगद उठला. कीर्तनात मधेच कोणी उठत नाही. माना मागे वळल्या.

"महाराज, एक विचारू? आबांनी वीणा ठेवली असती, न्हाई तर राजकन्यामावशीच्या गळ्यात दिली असती, तर देव रागावला असता का?"

"बस खाली!" रेवणसिद्ध ओरडला. "आईच्या तेराव्याला तरी नास्तिकपणा सोड."

"बोलू द्या त्याला," महाराज म्हणाले. "बाळा, देव कशाला रागावेल? देव दयाळू हाय. पण माणसाचा नेम मोडला असता."

"देव रागावणार नव्हता तर मग आबा थांबले कुणासाठी?" अंगदचा आवाज चढला नाही. "आणि रागावणार असता, तर असल्याला मी कामून हात जोडू? मला दोन्हीतलं काही पटत न्हाई, महाराज. नेम मोडला असता तर दुसरा करता आला असता."

महाराजांनी उपरणं पुन्हा सावरलं. मग मृदंगावर थाप पडली, कारण काहीतरी वाजायला हवं होतं. अंगद चालत मांडवाबाहेर गेला, आणि तसाच लातूरला.

पुढे तो दृष्टांत फिरला. कोणी मोबाईलवर घेतला होता. उदगीरच्या सप्ताहात सांगितला गेला, अहमदपूरला सांगितला गेला. अनोळखी माणसं ग्यानोबाच्या पाया पडायला लागली. तो कीर्तनाला जायचा, बसायचा, गोष्टीची वेळ आली की पाणी प्यायच्या निमित्ताने उठायचा. देवावरचं त्याचं मन उडालं नव्हतं. सकाळी उठल्यावर तोंडात नामच यायचं. पण लेकाने विचारलेलं त्याच नामाच्या पाठोपाठ यायचं, आणि दोन्ही एकाच आवाजात यायचं. थांबलो कुणासाठी?

शेवटी एक दिवस त्याने लातूरची एसटी धरली.

अंगदची खोली क्लासच्या मागच्या गल्लीत होती. सायंकाळचे तास सुटून पोरांच्या सायकलींचा गलका ओसरत होता. दार उघडलं तेव्हा अंगदने "या" म्हटलं आणि बाजूला झाला. भिंतीला रुक्मिणबाईचा फोटो होता. हार नाही, कुंकू नाही, उदबत्ती नाही. काच मात्र रोज पुसत असावा, इतकी लख्ख.

"जेवलात का?"

"जेवतो मागून. आधी बोलायचंय." ग्यानोबा भिंतीला टेकून खाली बसला. "तू इचारलं व्हतंस. देव रागावला नसता, अंगद. मला तव्हाच ठाऊक व्हतं. वीणा राजकन्येला दिली असती तर देवानं टाळीच वाजवली असती."

"मग?"

"गाव काय म्हणंल, हे व्हतं. ग्यानोबाच्या पाळीला रीत मोडली म्हणंल. आणि खोटं कशाला बोलू, आपण उभं हाव, बायको आजारी असून उभं हाव, याचा मला आतून डौल वाटला. त्यो देव नव्हता. मीच व्हतो."

अंगद त्याच्यासमोर भुईवर बसला. मग म्हणाला, "लोक मला म्हणतात, तुला न्हाई पटत तर गप बस, दुसऱ्याच्या श्रद्धेला कशाला डिवचतोस? आबा, मी डिवचायला न्हाई विचारत. ज्याच्या भरवशावर तुम्ही आपलं माणूस सोडता, तो हाय का न्हाई, एवढं तरी विचारायला नको? मला तुमच्यासारखी शेकडो भली माणसं दिसतात. भली हायत म्हणून तर जीव तुटतो."

"हाव," ग्यानोबा म्हणाला.

"आई जीपमधे रस्त्यानं विचारत होती." अंगदचा आवाज आता भलताच बारीक झाला. "लोहा आलं, आले का ते? सोनखेड आलं, आले का? मी पहिल्यांदा म्हणलो, येऊन राहिलेत मागून. विष्णुपुरीजवळ परत विचारलं. माझा संताप झाला होता तुमच्यावर. मी म्हणलो, ते यायचे न्हाईत, त्यांना देव हाय, तुझी काय फिकीर? मग तिनं विचारलंच न्हाई. तोंड खिडकीकडं केलं."

गल्लीत कुणीतरी शटर ओढलं.

"तुम्हाला ती कुठंतरी हाय, आबा. तुम्ही रोज तिची माफी मागू शकता. एक दिवस भेटंल म्हणून बसू शकता. मी कुणाला मागू? माझ्या हिशोबानं ती कुठंच न्हाई. माझं ते शेवटचं बोलणं तिच्याजवळ तसंच राहिलं. कधी कधी वाटतं, खोटं का होईना, मानावं. पण मानता येत न्हाई हो. स्वतःला फसवता येत न्हाई."

ती ऐकते रे, तिनं कव्हाच माफ केलंय, असं ग्यानोबाच्या ओठांवर आलं. त्याला ते खरंच वाटत होतं, पोटातून खरं वाटत होतं. पण तो बोलला नाही. त्याच्या तोंडून ते निघालं असतं तर दृष्टांतच झाला असता आणि त्यात पुन्हा रुक्मिण सोयीपुरती आली असती. तो सरकत लेकाजवळ गेला आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून बसला. अंगद रडत होता, लहानपणी तापात रडायचा तसा, आवाज न करता.

खोलीत अंधारून आलं तसं अंगदने डोळे पुसले, दिवा लावला.

"तुमच्या भजनाची येळ झाली की."

"आज ऱ्हाऊ दे."

"म्हणा. मला पटत न्हाई, पण तुम्ही म्हणायचात तेव्हा ती घरात असायची. म्हणा, मी बसतो."

ग्यानोबाने मांडीवर ताल धरला आणि पहिलं चरण उचललं. आवाज खरखरला, मग सापडला. चरण संपलं आणि तो सवयीने थांबला. इथे चुलीपासून रुक्मिण दुसरं चरण उचलायची. पोळी लाटता लाटता, सूर जरासा वर, तो रागवायचा इतका वर.

तो थांबून राहिला. अंगदला ते चरण पाठ होतं. लहानपणी आईच्या मागे उभं राहून त्याने ते हजारदा म्हटलं होतं. त्याचे ओठ हललेसुद्धा. मग त्याने ते दाबून धरले आणि मान खाली घातली. न पटणारं तो बापासाठीही म्हणू शकला नाही, आणि म्हणता आलं नाही याचं दुःख त्याच्या तोंडावर सरळ दिसत होतं.

ग्यानोबाला राग आला नाही. आजवर ऐकलेल्या कीर्तनांत त्याने खोट्या माना डोलताना पुष्कळ पाहिल्या होत्या. हे पोर निदान देवासमोर खोटं बोलत नव्हतं.

त्याने दुसरं चरणही स्वतःच उचललं, सूर थोडा वर ठेवून.