थांबायची जागा

दर गुरुवारी मी शिवणकामाचा व्हिडिओ टाकते. तीन वर्षांत एकही गुरुवार चुकला नाही, आणि बघणारे मोजून चाळीस. सुरुवातीला मी विचारते, "काय, झाली का कामं?" आणि जरा थांबते. समोर असतो फक्त मोबाईल. माझ्या घरात उत्तर द्यायला दुसरं कुणी नाही.

धाकटा भाऊ फोनवर वैतागला. "ताई, भिंतीला विचारतेस का? ती शांतता कापून टाक. लोक कंटाळून निघून जातात."

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, दोन शब्द कौतुकाचे बोललास तर तोंड झिजेल का तुझं? पण त्या गुरुवारी मुकाट्याने ती शांतता कापली. प्रश्न विचारला आणि लगेच बाही जोडायला घेतली.

दुसऱ्या दिवशी व्हिडिओखाली एका अनोळखी बाईंनी लिहिलं होतं, "काल तुम्ही थांबलाच नाहीत. मी दर वेळी उत्तर देते हो. आठवडाभरात मला तेवढंच कुणीतरी विचारतं."

पुढच्या गुरुवारी मी विचारलं, "काय, झाली का कामं?" मग कात्री खाली ठेवली आणि त्यांचं बोलून होईपर्यंत थांबले.