सहदेव पाष्टे यांचा आवाज

“काका, घशात काही नाही,” नाकातून घातलेली बारीक नळी बाहेर काढत डॉक्टर क्षिप्रा म्हणाली.

सहदेव पाष्ट्यांचा विश्वास बसेना. दोन महिने आवाज बसलेला होता. बोलायला जावं तर नुसती हवा बाहेर पडायची. तरुणपणी तंबाखू खाल्लेली, त्यामुळे मनात एकच भीती घर करून होती. सव्वीस वर्षं त्यांनी खोपटच्या एसटी डेपोत नियंत्रकाच्या खोलीत बसून गाड्या पुकारल्या होत्या. महाड, खेड, दापोली. कर्णा बंद पडला तरी पाष्ट्यांचा आवाज शेवटच्या फलाटापर्यंत जातो, असं ड्रायव्हर लोक म्हणत.

“मग आवाज गेला कुठं?”

“स्वरतंतू अशक्त झालेत. वापरच नाही ना त्यांना. काल दिवसभरात कोणाकोणाशी बोललात?”

पाष्टे आठवू लागले. बायको सुगंधा जाऊन तीन वर्षं झाली होती. मुलगा ऋतुराज बंगळुरूला. त्याचा मेसेज आला की अंगठ्याचं चित्र पाठवून भागायचं. दूधवाला पिशवी दाराला अडकवून जायचा. वाणसामान मोबाइलवरून यायचं.

“रिक्षावाल्याला पत्ता सांगितला,” ते शेवटी म्हणाले. “पण तो आज सांगितला. काल कोणाशी नाही.”

क्षिप्राने कागदावर औषध लिहिलंच नाही. रोज अर्धा तास मोठ्याने वाचा, एवढंच सांगितलं.

दुसऱ्या दिवसापासून नऊच्या सुमारास ते स्वयंपाकघराच्या खिडकीत उभे राहून वर्तमानपत्र वाचू लागले. एकट्यानेच मोठ्याने वाचायची लाज वाटायची. घशात खरखर व्हायची, वाक्य अर्ध्यातच विरायचं. चौथ्या दिवशी पाणीटंचाईची बातमी वाचून पान उलटलं, तर खालच्या खिडकीतून आवाज आला, “अग्रलेख राहिला, पाष्टे.”

दुसऱ्या मजल्यावरच्या मंदाकिनी टिपणीस. शाळेत मराठी शिकवत, म्हणून सगळी इमारत त्यांना बाई म्हणायची. काचबिंदूने त्यांची दृष्टी जवळजवळ गेली होती. पेपर मात्र त्यांनी बंद केला नव्हता. आलेला पेपर घडीसकट दिवाणाखाली जायचा.

पाष्टे खाली जाऊन वाचू लागले. बाई एकही चूक सोडत नसत. श आणि ष वेगळे म्हणा, स्वल्पविरामाला थांबा. पाष्ट्यांना सुरुवातीला राग यायचा, मग त्यांनी ते मनावर घेतलं. पहिल्या मजल्यावरचे सुधीर दिघे आपला चहा घेऊन यायला लागले. ते राजकारणावर वाद घालायचे आणि वादात पाष्ट्यांचा आवाज आपोआप चढायचा. बाई रोज विचारायच्या, काल रात्री काय जेवलात. रोज विचारतात म्हटल्यावर पाष्टे भाजी करायला लागले. दोन महिन्यांत वजन तीन किलोने वाढलं. फोनवर ऋतुराज म्हणाला, “पप्पा, तुमचा आवाज परत आला की.”

पाष्टे आणि बाई दोघंही एकटे राहायचे, म्हणून एकमेकांच्या घराच्या किल्ल्या एकमेकांकडे ठेवलेल्या.

श्रावणातल्या एका सकाळी नऊ वाजून गेले तरी पाष्टे आले नाहीत. बाईंनी थोडा वेळ वाट पाहिली. सुधीर मुलीकडे गेलेले. जिन्यात हाक मारली, उत्तर नाही. मग खिळ्यावरची किल्ली घेऊन त्या निघाल्या. नजर गेल्यापासून त्या एकट्याने वरचा जिना चढल्या नव्हत्या. कठडा धरून, पायाने पायरी चाचपत वीस पायऱ्या चढल्या. बोटांनी कुलपाचं भोक शोधलं. दार उघडल्यावर त्यांना काही दिसलं नाही, पण आतून शब्द आला, “बाई.”

पाष्टे मोरीच्या उंबऱ्याशी पडले होते, घामाने निथळत. आदल्या दिवशी पोट बिघडलं म्हणून जेवले नव्हते आणि सकाळी उपाशीपोटी मधुमेहाची गोळी घेतली होती. बाई आवाजाच्या रोखाने गेल्या. काय झालंय ते विचारलं, डबे हुंगून साखर शोधली, त्यांच्या तोंडात घातली आणि समोरचं दार बडवून शेजाऱ्यांना गोळा केलं. माजिवड्याच्या हॉस्पिटलातले डॉक्टर म्हणाले, आणखी तासभर कोणी आलं नसतं तर कठीण होतं.

पाष्टे तीन दिवसांनी घरी आले. पण बाई दिसत नसताना एकट्याने जिना चढल्या, हे ऐकून त्यांची मुलगी ऋजुता घाबरली. आईला आता एकटं ठेवायचं नाही, असं तिने ठरवलं आणि महिन्याभरात कल्याणला न्यायचं नक्की केलं. कल्याण काय, जवळच आहे, असं सगळे म्हणाले. पाष्टेही म्हणाले.

जायच्या दिवशी ते नेहमीप्रमाणे पेपर घेऊन खाली गेले. खोलीत बांधलेली खोकी होती. बाई खुर्चीत तयार होऊन बसल्या होत्या.

“आज पेपर नको,” त्या म्हणाल्या. “इतके दिवस दुसऱ्यांचं लिहिलेलं वाचताय. तुमचं काहीतरी सांगा.”

पाष्ट्यांनी पेपर घडी करून खोक्यावर ठेवला. मग म्हणाले, “मी घरी बोलायचोच नाही, बाई. डेपोतून आलो की तोंड उघडावंसं वाटायचं नाही. सुगंधा म्हणायची, तुमचं बोलणं ऐकायचं तर तिकीट काढून डेपोत यायला पाहिजे. एकदा खरंच आलेली. बाकड्यावर बसलेली बघितली मी, काचेतून. मला वाटलं, काही काम असेल. बाहेर जाऊन विचारलं, तर म्हणाली, काही नाही, तुम्ही चालू ठेवा. तासभर बसली. मी गाड्या पुकारत होतो आणि ती ऐकत होती.”

त्यांनी घसा खाकरला.

“रात्री घरी गेलो तर त्याबद्दल काही बोललो नाही. ती पण नाही बोलली.”

खाली टॅक्सी येऊन थांबली होती. ऋजुता बॅग न्यायला दारात आली. पाष्टे तिच्याकडे पाठ करून बसले होते आणि त्या दिवशी सुगंधाने कोणती साडी नेसली होती, ते सांगत होते. बाई मान खाली घालून ऐकत होत्या. ऋजुताने बॅग उचलली नाही. ती मागे वळली आणि बाहेर जिन्याच्या पायरीवर जाऊन बसली.