पडद्यावरचं कुंकू

राहीने भुतांचा अभ्यास केला होता. सांगलीच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकताना मॅटिनीला लागलेले झाडून सगळे भयपट तिने बघितले. मैत्रिणी पदरात तोंड लपवायच्या तेव्हा ही मान उंच करून बघायची, की वारा नसताना दिवा विझला तर पडदा का हलत नाही. भूत नेहमी धुतलेलीच साडी कशी नेसतं आणि घाबरलेली बाई उघडं दार सोडून जिन्यावरच का पळते, हेही तिला कुणी समाधानकारक सांगितलं नव्हतं.

हा अभ्यास वाया जाऊ नये म्हणून तिने स्वतःच भुताचा सिनेमा काढायचं ठरवलं. सिनेमा म्हणजे सध्या नुसता ट्रेलर.

“ट्रेलर म्हंजी उसाचा का गं?” आईने, म्हणजे साळूबाईने विचारलं. कराडजवळच्या मलकापूरला त्यांच्या वस्तीवर ट्रेलर म्हटलं की ट्रॅक्टरच्या मागे जोडायचा, एवढंच ठाऊक.

“नव्हं गं. पुढं येणाऱ्या शिनेमाची आधी दावायची झलक.”

“मग शिनेमा कुठाय?”

“तो अजून काढायचाय.”

“म्हंजी जेवान न्हाई, नुसता वास,” साळूबाई म्हणाली आणि कामाला लागली.

कॅमेरा घरचा होता. वडील, सुभेदार हंबीरराव, राष्ट्रसंघाच्या फौजेबरोबर गाझाला जाऊन आले होते. येताना त्यांनी एक छोटा सिनेमाचा कॅमेरा आणि तो सिनेमा दाखवायचं मशीन आणलं. त्यावर त्यांनी फक्त उंट काढले होते. रजेवर आल्यावर भावकीला उंट दाखवले, पेन्शनीत आल्यावर परत तेच दाखवले, आणि मग भावकी येईनाशी झाली तेव्हा दोन्ही वस्तू ट्रंकेत गेल्या. राहीने त्या बाहेर काढल्या आणि तिथूनच घरात वादाला तोंड फुटलं. कारण तिला आता पुण्याला जाऊन कॅमेरा शिकायचा होता. वडिलांच्या मनात बी.एड. होतं.

पहिला ट्रेलर तिने रीतसर केला. रूढीप्रमाणे पांढरी साडी, मोकळे केस, हातात कंदील, उलटी पावलं, काही सोडलं नाही. भूत झाला वर्गमित्र भाऊसो. कवठे महांकाळकडच्या धनगर वस्तीवरचा हा पोरगा, अंगाने काटक, कशालाही तयार. फक्त मिशी काढायला तयार नव्हता. उलट्या पावलांसाठी त्याच्या पायांना मागेपुढे करून चपला बांधल्या, तर दुसऱ्याच पावलाला भूत कंदिलासकट उसाच्या पाटात पडलं. राहीने ते कापून टाकलं. पण कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये पांढरी साडी दिसल्याबरोबर मागून कुणीतरी ओरडलं, “भाऊसो, जर्नल पुरं झालं का रं?” आणि पुढचा सगळा ट्रेलर हशात वाहून गेला.

हंबीरराव गॅदरिंगला आले होते. घरी आल्यावर बूट काढताना म्हणाले, “भुताचा शिनेमा म्हंजी मानूस भ्यालं पायजे. बरोबर?”

“बरोबर, आबा.”

“मग ऐक. एक मानूस, एकच, भिऊन वरडलं, तर तू पुण्याला. न्हाई वरडलं तर बी.एड. आन ही कॉलेजची पोरं चालायची न्हाईत, ती फुकाट बी वरडत्यात. तिकीट काढून बसल्याली खरी मानसं पायजेत. मी सोता हजर ऱ्हानार.”

खरी माणसं भाऊसोच्या गावात मिळणार होती. चैत्रात तिथे जत्रा भरायची आणि नानासोचा तंबू लागायचा. नानासो गावोगाव सिनेमा घेऊन फिरणारा, तोंडात कायम सुपारी. पहिल्या खेळाआधी पाच मिनिटं द्यायला तो कबूल झाला.

राहीने मग विचार केला. लोक का हसले? कारण पांढरी साडी दिसली की भूत आलं हे त्यांना आधीच कळतं. जे आधीच कळलं त्याला कोण भिणार? तेव्हा सगळी रूढ सामग्री फेकून द्यायची. साडी नेहमीची, अंबाडा घट्ट, दिवसाउजेडी चूल. बाई दारातून घागर घेऊन येते, आरशात बघून कुंकू लावते, चूल पेटवते, भाकरी थापते आणि दोन ताटं वाढते. एक स्वतःचं. दुसऱ्या ताटासमोर पाट रिकामा. त्या रिकाम्या पाटाकडे बघून ती हसते. संपलं. बाकीची भीती बघणाऱ्याने स्वतःच्या डोक्यातून आणायची. उलट्या पावलांना तर तिने पहिल्यांदा काट मारली.

“एवढंच?” भाऊसोने विचारलं.

“एवढंच. विचार कर, तो पाट रिकामा आहे.”

भाऊसोने विचार केला. “भूक लागली,” तो म्हणाला.

बाई म्हणून साळूबाई उभी राहिली. तिची अट एकच, “तुझ्या आबाला सांगायचं न्हाई.” हंबीरराव उसाला पाणी पाजायला गेले की शूटिंग व्हायचं. स्वयंपाकघर अंधारं, म्हणून भाऊसो अंगणात पितळी परात धरून उन्हाचा कवडसा आत पाडायचा. साळूबाई कॅमेऱ्याकडे चुकूनही बघत नसे. रिकाम्या पाटाकडे बघून मात्र ती असं हसली, की राहीला कॅमेऱ्यामागे क्षणभर कसंसंच झालं. फिल्म मुंबईहून धुऊन आली तेव्हा ते हसू त्यात जसंच्या तसं होतं.

जत्रेच्या दिवशी दिवेलागणीला तंबू भरला. मधे दोर, एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बायका. साळूबाई भाऊसोच्या आईशेजारी, म्हणजे भामाबाईशेजारी बसली. हंबीरराव फेटा बांधून पुरुषांत, बरोबर मशीनच्या पुढे. बाहेर जनरेटर धडधडत होता. मशीनवर बसलेल्या भाऊसोला नानासोने एकच नियम सांगितला.

“पडद्यावर उजेड ऱ्हायला पायजे, कवाबी. फिलम संपू दे, तुटू दे, बल्ब बंद करायचा न्हाई. अंधार झाला की कनातीखालनं फुकटी पोरं आत घुसत्यात.”

“ध्यानात हाय, नानासो.”

ट्रेलर सुरू झाला. दारातून साळूबाई घागर घेऊन आली, आणि हंबीररावांचा फेटा एकदम ताठ झाला. राहीला तो मागून दिसत होता.

“बाई सुगरण दिसती,” हंबीररावांशेजारचा म्हातारा म्हणाला. “थाप बघा कशी पडती. कुनाची कारभारीन म्हनायची?”

“आसंल कुनाची तरी,” हंबीरराव म्हणाले.

भाकरी फुगली. तंबूतून कौतुकाचा एक हुंकार निघाला. दोन ताटं वाढली गेली. रिकामा पाट आला. राहीने मुठी आवळल्या. आता.

“ही पिठाच्या गिरनीची जायरात हाय का रं?” मागून कुणीतरी विचारलं.

“पाट रिकामा हाय.”

“दाल्ला यायचा आसंल.”

“दाल्ला पडला आसंल कुठं तरी ढोसून,” म्हातारा म्हणाला. “बिचारी हसून वाट बघती.”

“ढोसून न्हाई!” हंबीरराव गरजले. “ड्यूटीवर आसंल!”

तंबू खदखदून हसला. पडद्यावर शेवटचं हसू उमटलं आणि पडदा नुसता पांढरा झाला. ट्रेलर संपला होता. भ्यालं कुणीच नव्हतं. दोन-तीन माणसांना भूक तेवढी लागली होती. राहीच्या डोळ्यांसमोर बी.एड.चा फळा आणि त्यावर खडूने काढलेला आम्लाचा चंबू आला.

“मशीन मोकळं कर,” नानासो ओरडला. “पिक्चर लावायचंय.”

भाऊसो आधीच गांगरलेला. फिल्म परत गुंडाळायची म्हणून त्याने मशीनचा दांडा उलट्या बाजूला केला. बल्ब बंद करायला हात नेला, पण त्याला नियम आठवला. अंधार करायचा न्हाई. हात मागे आला.

पडद्यावर साळूबाई परत आली.

ती हसत होती. हसू हळूहळू आत गेलं. मग रिकाम्या पाटासमोरच्या ताटातली भाकरी तिने उचलून तव्यावर ठेवली. भाकरीचा फुगा बसला. ती ओली झाली, थापेसरशी लहान लहान होत गेली आणि शेवटी तिचा गोळा झाला. तंबूत कुणी हसेना. छपराशी गेलेला धूर खाली उतरला आणि चुलीच्या तोंडात शिरला.

“आगं बया,” बायकांतून एक बारीक आवाज आला.

पडद्यावर साळूबाईने आरसा धरला. तिच्या कपाळावर ठसठशीत कुंकू होतं. तिने बोट वर नेलं, कपाळाला लावलं, आणि बोट खाली आलं तेव्हा कपाळ कोरं होतं. साऱ्या तंबूसमोर एका सवाष्णीने सावकाश स्वतःचं कुंकू उचलून करंड्यात परत ठेवलं होतं.

बायकांच्या बाजूने आकांत उठला. पण त्या सगळ्यांच्या वर एक आवाज गेला. परेडच्या मैदानावर पार पलीकडच्या टोकाला पोचावा असा.

“साळू! ए साळू! बंद करा ते! बंद करा!”

हंबीरराव उभे होते. फेटा सुटून खांद्यावर आला होता. इकडे पडद्यावर कोऱ्या कपाळाची बाई घागर घेऊन उठली आणि तोंड आपल्याकडे ठेवून, पाठमोरी न होता, एकेक पाऊल मागे टाकत अंधाऱ्या दारात निघून गेली. उलटी पावलं. भाऊसोला चपला बांधून जमली नव्हती, ती इथे आपोआप, सुरेख पडत होती. मग मात्र बाप्येही ओरडले. कनातीखालून नुकतीच आत आलेली दोन पोरं आल्या वाटेने बाहेर गेली.

नानासोने बत्ती पेटवली. तोवर हंबीरराव दोर ओलांडून बायकांत घुसले होते. जत्रेच्या तंबूत असं कधी कुणी केलं नव्हतं, पण त्यांना अडवायचं भान कुणाला नव्हतं.

“वर बघ,” ते बायकोला म्हणाले.

“आवं, लोकं बघत्यात.”

“वर बघ म्हन्तो न्हवं!”

साळूबाईने वर बघितलं. कुंकू जागच्या जागी होतं. तरी हंबीररावांनी भामाबाईकडे वळून, “वैनी, तुमच्याजवळ करंडा आसंल तर हिला आजून येकदा लावा,” असं सांगितलं. भामाबाईने मुकाट्याने लावलं.

राही धावत आली, मागे भाऊसो. हंबीरराव आता सावरले होते. फेटा गुंडाळत त्यांनी लेकीकडे बघितलं.

“ह्ये तू केलंस?”

भाऊसोने राहीला कोपराने ढोसलं. ‘व्हय’ म्हण, असा त्याचा अर्थ. पण राहीचा स्वभावच वाईट. प्रयोगात चूक झाली तर ती चूकच.

“न्हाई, आबा. मी केलं ते आधी दिसलं. हे फिल्म मागं घेताना झालं. बल्ब चालू ऱ्हायला.”

“म्हंजी चुकून?”

“चुकून.”

“तर मग ह्ये धरायचं न्हाई,” हंबीरराव म्हणाले. त्यांच्या आवाजात जोर परत आला. “आन दुसरं, मी भिऊन वरडलो न्हाई. मी ऑर्डर दिली. बंद करा, म्हनून.”

“ऑर्डर लय जोरात झाली, सुभेदार,” म्हातारा दोराच्या पलीकडून म्हणाला. “माजी विडी पडली.”

“ऑर्डर जोरातच देत्यात.”

“मग मला कशाला वर बघाया लावलं?” साळूबाईने विचारलं.

हंबीरराव फेटाच नीट करत राहिले.

“तुमी बार्डरला हुता,” साळूबाई म्हणाली, “तवा रोज दुसरं ताट वाढून ठिवत हुते मी. पाटाकडं बघून हसायची. ही पोर तवा एवढीशी, टकामका बघायची. तेच तिनं काढलं. त्यात चुकून काय बी न्हाई. तिथं भ्यायचं सोडून तुमी ढोसल्या न ढोसल्याचा वाद घालत बसलासा. मी भ्यायची. रोज भ्यायची.”

म्हाताऱ्याने पडलेली विडी हळूच उचलली.

“जाऊ दे तिला पुण्याला,” साळूबाई म्हणाली.

हंबीररावांनी फेट्याचा शेवटचा पेच खोचला. “जाऊ दे,” ते म्हणाले. “पर ती ऑर्डरच हुती.”

“ते ऱ्हाऊ द्या,” नानासो पुढे झाला, “पिक्चर कवा देताय ते बोला. पुढच्या जत्रंला लावतो. उलटंच द्या बरं का, सुलटं नगं.”

पावसाळा सरता सरता राही पुण्याला निघाली. कराडच्या स्टँडवर हंबीररावांनी तिची वळकटी टपावर चढवली. कॅमेराही दिला, त्यातले उंट पुसू नकोस म्हणून बजावून. गाडी सुरू झाली. राहीने खिडकीतून हात बाहेर काढला.

साळूबाईनेही हात हलवला. मग नवऱ्याकडे एकदा तिरकं बघून, चेहरा समोर ठेवूनच, ती हळूच एक पाऊल मागे सरकली. मग आणखी एक. चेहऱ्यावर तेच पाटावरचं हसू.

“साळू!”

सगळा स्टँड वळून बघायला लागला. दोन हमालांनी डोक्यावरची ओझी खाली ठेवली. गाडी फाटकातून बाहेर पडली तरी राहीला तो आवाज ऐकू येत होता, आणि ही काही ऑर्डर नव्हती.