गगनबाबा आणि रुसलेला संगणक

हँगरमधलं सगळं काम थांबलं होतं. रंगारी शिड्यांवरून उतरले होते. सुरक्षेचे जाड बूट दाराशी काढून माणसं मोज्यांवर उभी होती, आणि एरवी बुटांवरून ओरडणारे साहेबही त्यांच्यातच होते. कारण समोरच्या विमानाच्या कॉकपिटमध्ये गगनबाबा बसले होते.

विमान बरेच दिवस अडून बसलं होतं. वैमानिकाला मार्ग, उंची आणि इंधन यांचा हिशेब सांगणारी त्याची फ्लाइट मॅनेजमेंट सिस्टीम सुरू करताच चाचणीत पास व्हायची, आणि तासाभराने पडदा काळा. संगणकाचा डबा बदलला. नवाही तसाच वागला. मग कुजबुज सुरू झाली, की या विमानाला काहीतरी लागलंय. साहेबांच्या सासूबाईंनी बाबा सुचवले. त्यांचा शब्द साहेब घरात मोडत नव्हते, हँगरमध्ये कुठून मोडणार?

"यंत्राचा आत्मा थकला आहे," बाबा माइकवरून बोलले. "वीज तोडा. सगळे खाली उतरा. मी मौनात बसतो. वैश्विक कंपनांना वाट मोकळी करून द्या."

वीज तोडली. मौन चांगलंच लांबलं. चहा येऊन गेला. मग बाबांनी खूण केली, वीज जोडली, आणि पडदा हिरवागार उजळला. काही जण रडले. साहेबांनी डोळे पुसून हुकूम सोडला, "संध्याकाळच्या प्रवाशांना हेच विमान द्या."

त्यासाठी सही वहिनीची लागत होती. वहिनी म्हणजे माझ्या भावाची बायको, इथली उपकरणांची इंजिनिअर. मी इंजिनांवर काम करतो. मी तिला वहिनी म्हणतो, म्हणून सगळं हँगर म्हणतं.

"मी सही करणार नाही," ती म्हणाली.

"अहो, डोळ्यांदेखत सुरू झालं," साहेब म्हणाले.

"सुरू तर ते रोजच होतं. बंद का पडतं, ते कुठे कळलंय?"

"वहिनी, विचार करा. बदली होईल."

"होऊ दे. ढगात पडदा गेला तर वैमानिकाला कुठे बदलून पाठवाल?"

बोलली ठसक्यात आणि हातातला पाना पेटीत टाकला.

मग ती बाबांकडे वळली. "यंत्र चालू ठेवू या. पडदा गेला की पुन्हा मौन करा, पण या वेळी वीज न तोडता."

"बाई, श्रद्धेची परीक्षा घेतात का?"

"इथे सगळ्याचीच घेतात. स्क्रूचीसुद्धा."

लोक हसले, त्यामुळे साहेबांना हो म्हणावंच लागलं. तासाभराने पडदा काळा झाला. बाबा मौनात बसले, घामाघूम झाले, पडदा काही हलेना. गर्दीत कोणी नास्तिक आहे, असं त्यांनी जाहीर केलं. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी निमूटपणे गेटबाहेर जाऊन उभा राहिलो. तरी पडदा काळाच.

वहिनीने वीज तोडली आणि शांतपणे जेवणाचा डबा खाल्ला. जेवून वीज जोडली, तर पडदा हिरवा. मग ऑफिसातल्या बाईंचा केस वाळवायचा ड्रायर आणून तिने संगणकावर गरम वारा सोडला. थोड्याच वेळात पडदा गेला.

"तापला की झोपतो, निवला की उठतो," ती म्हणाली. "हे मला इतके दिवस सुचलं नव्हतं. बाबांनी वीज तोडायला लावली, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला."

तिने मागची झडप उघडली. संगणकाला गार वारा देणाऱ्या नळीच्या तोंडाशी जाळी होती आणि तिच्यावर धुळीची जाड घोंगडी बसली होती. डबे आम्ही बदलले, पण दोन्ही डब्यांना गुदमरवणारी जाळी एकच.

इतक्यात म्हातारा रंगारी बाबांना निरखत म्हणाला, "तुम्ही आमचा टीव्ही दुरुस्त करायचात ना हो? तेव्हाही म्हणायचात, थोडा वेळ बंद ठेवा, आपोआप लागेल. फक्त तेव्हा आत्मा नव्हता, कंडेन्सर होता."

बाबा अंतर्धान पावले. मागच्या दाराने.

नवी जाळी बसवून विमान बाहेर काढलं आणि यंत्र दुपारभर तापत्या उन्हात चालू ठेवलं. पडदा गेला नाही. मगच वहिनीने सही केली. साहेब पुटपुटले, "पण बाबांनी ते निववलं, हे तर खरंच की."

अशा साहेबांसाठीच हे लिहितोय. चमत्कार दिसला की आधी एकच विचारा: बाबा नसते तर हेच घडलं असतं का? आणि मग करून पाहा. नमस्कार करायला कोणाची ना नाही. पण जोडलेल्या हातांनी झडप उघडता येत नाही.